साक्षीला मीरासाहेब नालबंद

चाकणच्या बाजारतळाच्या कडेला, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर मीरासाहेबाचं छप्पर होतं. छपराखाली ऐरण, भाता, तेलाचा डबा आणि दोरखंडाची दोन वेटोळी. बैलाला नाल मारायचे तर आधी बैल पाडावा लागतो, चारी पाय एकत्र बांधून खूर वर करावे लागतात, आणि मग एकेका खुराला दोन-दोन पत्र्या ठोकाव्या लागतात. खिळा जरा आत गेला तर बैल लंगडतो आणि मालक जन्मभर नावानं खडे फोडतो. मीरासाहेब मिसरूड फुटायच्या आधीपासून हे करत होता. त्याच्या बापानंही तेच केलं होतं, आणि आडनावच नालबंद पडलं होतं.

त्याचं दुसरं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. आसपासच्या वाड्यांत कुणी मृत्युपत्र करायला घेतलं की साक्षीदार म्हणून सही करायला मीरासाहेबाला बोलावणं येई.

त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी झाली. चिमाजी नावाच्या म्हाताऱ्याला आपल्या जमिनीचा कागद करून ठेवायचा होता. खेडच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस अर्जुनराव पेटी घेऊन आला होता. एक साक्षीदार मिळाला, दुसरा मिळेना. ज्याचं नाव घ्यावं तो कुणाचा तरी मेव्हणा, नाहीतर कुणाच्या तरी बांधाला बांध असलेला. अर्जुनराव वैतागला. "अहो, या गावात कुणाचाच कुणी नाही असा एक तरी माणूस आहे का?"

"हाय की," चिमाजी म्हणाला. "नालबंद."

मीरासाहेबाची शिवारात गुंठाभर जमीन नव्हती. गावात त्याची सोयरीक नव्हती. तो शाळेत तीन इयत्ता शिकलेला होता आणि सही करत होता. 'मीरासाहेब वल्लद हुसेनसाहेब नालबंद, राहणार चाकण' असं सगळं तो सावकाश, ओळ न सोडता लिही. लोकांना ते पसंत पडलं. एकाचं बघून दुसरा बोलवू लागला.

त्याची एक पद्धत होती. जनावराचा वास जावा म्हणून तो आधी हात धुई. मग माणसांना बाजूला सारून कागद करणाऱ्याच्या अगदी जवळ बसे आणि विचारी, "हे तुमच्या मनानं चाललंय ना?" उत्तर येईपर्यंत तो थांबे. उत्तर आलं की सही किंवा अंगठा होईतो नजर काढत नसे, आणि मग आपली सही करी. कागदात काय लिहिलंय ते तो ऐकून घेत नसे. एकदा अर्जुनराव मजकूर वाचायला लागला, तर मीरासाहेबानं त्याला थांबवलं. "जमीन कुनाला जाती ते मला नका सांगू. मला मानूस बघू द्या."

कायद्यालाही साक्षीदाराकडून तेवढंच हवं असतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्यानं सही केली किंवा अंगठा लावला हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. ते नसेल तर निदान करणाऱ्यानं स्वतः त्यांना 'हा माझा' असं सांगितलेलं असावं लागतं. हे नसेल तर कागद कितीही खरा असला तरी कोर्टात उभा राहत नाही.

चाकणच्या पश्चिमेला असलेल्या एका वाडीत सोपानराव राहायचा. भावाशी वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भाऊ आता हयात नव्हता. मूलबाळ नव्हतं, बायको तरुणपणीच गेली होती. तिच्यामागे घर सांभाळायला मावळातली छबूबाई आली ती तिथंच राहिली. तिचा नवरा मुंबईला गेला होता आणि त्यानं तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं होतं. पण काडीमोड त्यानं कधी दिली नाही, त्यामुळे सोपानरावाला तिच्याशी पाट लावता आला नाही. वीस-बावीस वर्षं ती त्याच्या घरात राहिली, शेतात राबली. लोक काही बोलत नसत. मीरासाहेब तिला वहिनी म्हणायचा. पण कागदावर ती सोपानरावाची कुणीच नव्हती. तो असाच गेला असता तर घर-जमीन पुतण्याकडे, मारुतरावाकडे, जाणार होती.

सोपानराव बैल नालायला आणी तेव्हा दगडावर बसून हा विषय काढी.

"मला एक कागद करायचाय, मीरासाहेब. छबूच्या नावानं. तुला यावं लागंल."

"बोलवा, येतो."

"सुगी हू दे."

सुगी होई, पेरणी येई, पुन्हा सुगी होई. धडधाकट माणसाला मृत्युपत्र करणं म्हणजे मरणाला घर दाखवल्यासारखं वाटतं. एका माघात मात्र सोपानरावाच्या छातीत सर्दी धरली, ताप उतरेना. मारुतरावानंच चाकणचा डॉक्टर गाडीत घालून नेला. डॉक्टर बाहेर येऊन हळू आवाजात बोलला, आणि दुसऱ्या दिवशी छबूबाईनं अर्जुनरावाला आणि मीरासाहेबाला निरोप धाडला.

निरोप आला तेव्हा मीरासाहेबानं आळंदीच्या एका गाडीवानाचा बैल नुकताच पाडला होता. एक पाय झाला होता, तीन राहिले होते. एका पायाला नाल आणि तीन पाय तासून मोकळे, असा बैल उठवला तर तो आळंदीपर्यंत पोचत नाही. गाडीवान गयावया करू लागला. "आलोच म्हनून सांग," मीरासाहेब निरोप्याला म्हणाला आणि खाली बसून त्यानं काम पुरं केलं. मग हात धुऊन तो शेतांच्या बांधावरून झपाझप निघाला.

तो पोचला तेव्हा अर्जुनराव दौत पुसत होता. दुसरा साक्षीदार, देवळाचा गुरव ज्योतीराम, उंबऱ्यापाशी बसला होता. सोपानराव उताणा पडलेला, डोळे मिटलेले, श्वासाचा घरघर आवाज. डाव्या हाताचा अंगठा काळा झालेला. उशाशी छबूबाई.

"उशीर केलास," अर्जुनराव म्हणाला. "अंगठा झाला, ज्योतीरामाची सही झाली. तुझी तेवढी राहिलीय."

मीरासाहेब जवळ जाऊन बसला. "सोपानराव," त्यानं हाक मारली. थांबून पुन्हा मारली. पापणी हलली नाही.

"अंगठा लावून दमलाय तो, आत्ता डोळा लागलाय. समजून-उमजून केलंय सगळं. विचार याला."

"व्हय," ज्योतीराम म्हणाला. "म्या बघितलं."

"जागं झाल्यावर करू."

"आणि जागा झालाच नाही तर?"

अर्जुनरावानं हे मुद्दाम हळू आवाजात विचारलं, पण खोली लहान होती. छबूबाईनं ऐकलं. ती तशीच पदरानं सोपानरावाच्या ओठांच्या कडा पुसत राहिली. मीरासाहेबानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या काळ्या अंगठ्याकडे. सोपानरावाच्या मनात काय होतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं तो ऐकत आला होता. त्यानं टाक घेतला आणि सही केली.

सोपानराव पुन्हा बोलला नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

मारुतरावानं आरडाओरडा केला नाही. तो तसा माणूस नव्हता. तेराव्यापर्यंत सगळं त्यानंच केलं, आणि मग छबूबाईला सांगितलं, "काका होता तवर मी एक अक्षर बोललो न्हाई. पन जमीन माझ्या आज्यानं केलेली हाय. ती मी सोडनार न्हाई." सातबाऱ्यावर छबूबाईचं नाव लावायला त्यानं हरकत घेतली. तेव्हा कुणीतरी तिला पुण्याच्या आबाजी वकिलांकडे नेलं. वकील म्हणाले, मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घ्यावं. त्याला प्रोबेट म्हणतात. एकदा ते मिळालं की तलाठी काय आणि पुतण्या काय, कुणाचं चालत नाही. अर्ज झाला. मारुतरावानं त्यालाही विरोध केला, आणि तारखा पडू लागल्या.

मधल्या उन्हाळ्यात देवळामागच्या विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळली आणि ज्योतीराम गेला. आबाजी वकिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी मीरासाहेबाला ताबडतोब पुण्याला बोलावून घेतलं.

"आता सगळं तुमच्यावर आहे," ते म्हणाले. "अर्जुनरावानं कागद लिहिला खरा, पण लिहिणारा म्हणजे साक्षीदार नव्हे. कोर्टात तुम्हाला एवढंच सांगायचंय: सोपानरावांनी शुद्धीवर असताना तुमच्यासमोर अंगठा लावला, आणि तुम्ही त्यांच्यासमोर सही केली."

"मी उशिरा पोचलो वकीलसाहेब. अंगठा आधीच झाला होता."

वकिलांनी चष्मा काढला. तो पुसून त्यांनी पुन्हा चढवला.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "आणि मी ते ऐकलेलं नाही. जी सही तुम्ही केलीय ती काय सांगते, एवढं फक्त आठवा."

मीरासाहेबानं घरी येऊन हे बायकोला, मदिनाला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "खोटं तर तुम्ही सही केली तेव्हाच बोललात," ती म्हणाली. "आता फक्त तोंडानं बोलायचं राहिलंय."

"म्हणजे बोलू?"

"ते मला नका विचारू. तिचं घर जातंय, आणि शपथ तुम्ही घेणार आहात."

मारुतरावही एकदा छपराशी आला. बैल नालायचा नव्हता. तो उभ्याउभ्याच बोलला. "मीरासाहेब, मी तुमाला काय द्यायला आलो न्हाई आन् दम द्यायला बी न्हाई. जे बघितलं असंल ते बोला. तुमी म्हनला की काकानं तुमच्यादेखत अंगठा लावला, तर मी दुसऱ्या दिवशी दावा सोडतो." तो गेल्यावर मीरासाहेबाला वाटलं, यानं दम दिला असता तर बरं झालं असतं.

तारखेच्या दिवशी छबूबाई आणि तो एकाच गाडीनं पुण्याला गेले. तिनं फडक्यात भाकरी बांधून आणली होती. शिवाजीनगरला उतरल्यावर कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून तिनं त्याला अर्धी दिली.

"तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई," ती म्हणाली.

मीरासाहेबानं भाकरी खाल्ली. त्यानं काय करायचं ते तोवर ठरलेलं नव्हतं, असं त्यानं पुढे मदिनाला सांगितलं. ते खरं असावं. ठरलं असतं तर त्यानं तिला तिथंच सांगितलं असतं.

पुकारा झाला. त्यानं खुदाची शपथ घेतली. कागद त्याच्यापुढे धरण्यात आला, आणि सही त्याचीच असल्याचं त्यानं मान्य केलं. आबाजी वकिलांनी विचारलं, "सोपानरावांनी हा अंगठा तुमच्यासमोर लावला?"

"न्हाई. मी पोचलो तवा लावलेला होता."

कोर्टात कुजबूज झाली. वकील अनुभवी होते; ते गडबडले नाहीत. त्यांनी प्रश्न फिरवला. "ठीक आहे. तुम्ही आत गेल्यावर सोपानरावांनी हात वर केला? मान हलवली? 'हा माझा अंगठा' अशा अर्थाचं काही केलं?"

कायद्यानं ठेवलेली दुसरी वाट ती हीच. एक होकार पुरला असता, आणि खोलीत तेव्हा जे होते त्यांतलं कुणी तो खोटा म्हणणार नव्हतं. मारुतराव मागच्या बाकावर पुढे वाकून बसला होता. न्यायाधीशांचा टाक थांबला.

"मी दोनदा हाक मारली," मीरासाहेब म्हणाला. "त्यांनी डोळं उघडलं न्हाईत."

"मग तुम्ही सही का केलीत?" हे न्यायाधीशांनी विचारलं.

"अंगठा त्यांचाच होता साहेब. मनात बी त्यांच्या तेच होतं, मला ठावं होतं. म्हनून केली. चूक झाली. पन तुमी इचारता ते मी बघितलेलं न्हाई."

मारुतरावाचे वकील उलटतपासणीला अर्धवट उठले आणि, काही विचारायचं नाही, म्हणून खाली बसले.

परतीच्या गाडीत छबूबाई पुढे बायकांत बसली. चाकणला उतरल्यावर मात्र ती थांबली.

"एक शबूद व्हता," ती म्हणाली.

"व्हय, वहिनी."

"वहिनी म्हनू नका. मी कुनाचीच कोन न्हाई, त्ये आता तुमी कोर्टात लिवून दिलं."

निकाल पुढे काही महिन्यांनी लागला, आणि तो अपेक्षेप्रमाणेच लागला. अर्ज नामंजूर झाला, वारस म्हणून मारुतरावाचा हक्क कायम झाला. मारुतराव छबूबाईकडे आला आणि म्हणाला की मागची खोली तिनं वापरावी, तहहयात. "काकानं ठेवली व्हती, मी बाहेर काढनार न्हाई." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण 'ठेवली' हा शब्द बावीस वर्षांत त्या घरात तिच्या तोंडावर कुणी उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं घेऊन गेली.

मीरासाहेबाला मृत्युपत्रांची बोलावणी यायची बंद झाली. लोक त्याच्याशी वाकडं वागले नाहीत. बैल आणत, पाणी मागत, गप्पा मारत. "खरा मानूस हाय," ते एकमेकांत म्हणत, "पन कागदाला असला खरा मानूस नको." अर्जुनरावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मीरासाहेबाला पस्तावा सहीचा होता, साक्षीचा नव्हता. पण छबूबाईच्या लेखी दोन्ही एकच होतं, हे त्याला कळत होतं, आणि यावर तो मदिनाशीसुद्धा फारसं बोलत नसे. तिच्याबद्दल मात्र तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करी.

ती पिंपरीला गेली होती. तिथं माळावर औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. पहिलं वर्ष तिनं डोक्यावर पाट्या वाहिल्या. मग बांधकामावरच्या कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या एकट्या माणसांना ती भाकरी-कालवण करून घालू लागली. बीडकडची सुभद्राबाई नावाची एक विधवा तिच्या जोडीला आली. दोघींचं जमलं. कारखाना सुरू झाला, मजूर गेले, कामगार आले, आणि खानावळ राहिली. रेल्वेच्या बाजूला तिनं थोडी जागा घेतली, विटांच्या दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे घातले. चाकणला हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी पोचे.

अठ्ठावन्न साली एका बाजाराच्या दिवशी ती स्वतःच उतारावरून छपराकडे आली. केस पिकले होते, अंग भरलं होतं. मीरासाहेब हातोडी ठेवून उठला. त्यानं पोतं पसरलं, पण ती बसली नाही.

"कागद करायचाय," ती म्हणाली. "माझ्या जागंचा. लिवनारा मिळालाय. साक्षीदार पायजे."

मीरासाहेबानं हात पुसले. "तिथं मानसं असतील की."

"हायेत. चार जन तयार हायेत, चांगले हायेत. त्यातला एक मी घेतलाय बी, जहीर म्हनून मोटार दुरुस्तीवाला. पन ती समदी माझ्याकडनं बोलनारी मानसं. मी मेल्यावर कोन कुठनं उगवंल सांगता येत न्हाई. मुंबईवाल्याची पोरं हायेत म्हनं. त्यांचा वकील इचारंल, तवा कोर्टाला तुमचं म्हननं खोटं वाटनार न्हाई."

"छबूबाई, तुमी माझ्यावर—"

"राग हाय," ती म्हणाली. "त्यो जायचा न्हाई. ह्ये कामाचं बोलतीय मी. येनार का न्हाई, तेवढं सांगा."

"येतो."

"येळंवर या."

ठरलेल्या दिवशी मीरासाहेबानं बैल हाती घेतलाच नाही. पहिल्या गाडीनं निघून, चाकणचा रस्ता मुंबईच्या सडकेला मिळतो तिथं तो उतरला आणि पिंपरीपर्यंत चालत गेला. लिहिणारा यायच्या आधी तासभर तो खानावळीच्या ओट्यावर बसून होता. सुभद्राबाईनं चहा आणून दिला. तो कोण हे तिला माहीत असावं, कारण कप ठेवून ती लगेच आत गेली.

लिहिणारा तरुण होता. त्यानं मजकूर आधीच तयार करून आणला होता. वरच्या ओळी तेवढ्या भरायच्या होत्या. "नवऱ्याचं नाव?" त्यानं विचारलं.

"नुसतं छबूबाई लिव्हा. राहनार पिंपरी."

"तसं चालत नाही हो, बाई. कुणाचं तरी नाव लागतं."

तिनं थोडा विचार करून आपल्या बापाचं नाव सांगितलं. लिहिणाऱ्यानं ते लिहिलं. मग तो म्हणाला, ज्यांना यातून काही मिळायचंय त्यांनी इथं थांबू नये हे बरं. सुभद्राबाई हात पुसत बाहेर गेली आणि मागच्या दारी जाऊन बसली.

मीरासाहेबानं पिंपातल्या पाण्यानं हात धुतले. जहीरला त्यानं सरकायला सांगितलं आणि तो छबूबाईसमोर बसला.

"हे तुमच्या मनानं चाललंय ना?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सोपानरावाला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला त्याक्षणी ते आठवलं की नाही, सांगता येत नाही. "माझ्याच," ती म्हणाली. "कुनी सांगितलं न्हाई."

पिंपरीत राहून ती सही शिकली होती. सहीला वेळ लागला. एका ठिकाणी टाक अडला, शाई सांडली, लिहिणारा पुढे झाला तर मीरासाहेबानं त्याचा हात धरून त्याला मागे ठेवलं. तिचं पुरं झाल्यावर त्यानं आणि जहीरनं तिच्यासमोर सह्या केल्या. कागद लिफाफ्यात गेला, लिफाफा सुभद्राबाईच्या पेटीत.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. पहिली शिफ्ट सुटली होती. माणसं दारातून येऊ लागली, पाट मांडले गेले. छबूबाई चुलीपुढे जाऊन बसली.

"जेवून जा म्हनं," सुभद्राबाईनं येऊन मीरासाहेबाला सांगितलं.

तो पंगतीत शेवटच्या पाटावर बसला. शेजारचा कामगार रत्नागिरीकडचा होता. तो आपल्या गावाकडच्या माशांबद्दल बोलत होता. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि कांदा होता. वाढायला सुभद्राबाईच आली. छबूबाई तव्यापुढून उठली नाही, पण त्याच्या ताटातली भाकरी संपली की तव्यावरची गरम भाकरी ती सुभद्राबाईच्या हाती देत होती. जेवण झाल्यावर मीरासाहेबानं आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं, जहीरला सलाम केला आणि चाकणची गाडी पकडायला सडकेच्या दिशेनं चालू लागला.